घराच्या जाहिरातीतला शाळेचा आकडा

माझा मामेभाऊ न्यू जर्सीत घर शोधत होता. आमच्याकडे रविवारची सकाळ आणि त्याच्याकडे शनिवारची रात्र असताना तो व्हिडिओ कॉल लावायचा आणि एकेक जाहिरात मला दाखवायचा. मी आपली स्वयंपाकघर केवढं आहे, उजेड किती येतो हे बघत बसायची. त्याची नजर मात्र पानाच्या तळाशी असलेल्या एका चौकटीवर असायची. त्या चौकटीत जवळच्या शाळांची नावं असत आणि प्रत्येक नावापुढे एक ते दहामधला आकडा. नऊ दिसला की तो पुढे वाचायचा. चार दिसला की घर कितीही देखणं असो, पान बंद.

"ताई, घर जुनं चालेल, लहान चालेल. शाळा आठच्या खाली नको."

एकदा त्याने लागोपाठ दोन घरं दाखवली. दोन्ही एकाच काळात बांधलेली, खोल्या सारख्याच, गाडीने दहा मिनिटांच्या अंतरावर. किमतीत मात्र डोळे विस्फारावेत एवढी तफावत. मी कारण विचारलं तर म्हणाला, "मधे टाउनची हद्द आहे ना."

एका हद्दीने घराची किंमत आणि मुलाची शाळा दोन्ही ठरतात. ही हद्द एवढी ताकदवान कशी झाली, याचा शोध घेत गेलं की अमेरिकेच्या गेल्या नव्वद वर्षांचा इतिहास हाती लागतो. गुलामगिरी, यादवी युद्ध, मार्टिन ल्यूथर किंग हे आपण थोडंफार वाचलेलं असतं. पण आजची अमेरिका समजून घ्यायची तर गृहकर्जाचा इतिहास वाचावा, असं माझं मत झालं आहे. विषय कोरडा वाटतो, तसा तो अजिबात नाही.

आधी शाळांचं गणित. अमेरिकेत सरकारी शाळा पत्त्यावर मिळते. तुमचं घर ज्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे शाळांसाठी आखलेल्या हद्दीत (न्यू जर्सीत ती बहुधा टाउनचीच हद्द), त्याच डिस्ट्रिक्टची शाळा तुमच्या मुलाला. शेजारच्या डिस्ट्रिक्टमधली शाळा घरापासून जवळ असली तरी सहसा तिथे प्रवेश मिळत नाही. शाळा मोफत असते आणि बहुतेक मुलं सरकारी शाळेतच जातात. आपल्याकडच्यासारखं डोनेशन, मुलाखत असं काही तिथे नसतं. प्रवेश फी असलीच तर ती घराच्या किमतीत दडलेली असते.

आता या शाळा चालतात कशावर? केंद्र सरकारचा वाटा साधारण दहा टक्क्यांच्या आसपास. उरलेल्यात जवळपास निम्मा खर्च राज्य उचलतं आणि निम्मा स्थानिक पातळीवर गोळा होतो. हा स्थानिक पैसा मुख्यतः घरपट्टीतून येतो. घरपट्टी म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे नगरपालिकेचं वर्षाचं किरकोळ बिल येतं. न्यू जर्सीत ती सरासरी वर्षाला दहा हजार डॉलरच्या घरात जाते आणि तिचा मोठा हिस्सा शाळांना मिळतो. म्हणजे गावातली घरं महाग असली की शाळेला पैसा भरपूर. शाळा चांगली म्हणून घरांना मागणी, मागणी म्हणून किंमत आणखी वर. स्वस्त घरांच्या गावात हेच चक्र उलटं फिरतं.

या चक्रात सापडलेल्या लोकांची एक लढाई टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओ शहरात झाली. शहराच्या पश्चिमेला एजवूड नावाचा डिस्ट्रिक्ट होता, वस्ती प्रामुख्याने मेक्सिकन वंशाच्या कष्टकऱ्यांची. १९६८ मध्ये तिथल्या हायस्कूलच्या सुमारे चारशे मुलांनी वर्ग सोडून मोर्चा काढला. इमारत मोडकळीला आलेली होती, शिक्षक पुरेसे नव्हते. डेमेट्रिओ रॉड्रिग्ज नावाच्या एका पालकाने, जो हवाईदलाच्या तळावर पत्रे जोडण्याचं काम करायचा, इतर पालकांसोबत खटला दाखल केला.

त्या खटल्यातले आकडे मला फार बोलके वाटतात. एजवूडचे लोक मालमत्तेच्या दर शंभर डॉलर मूल्यामागे १.०५ डॉलर कर भरत होते. त्याच शहरातल्या अलामो हाइट्स या श्रीमंत डिस्ट्रिक्टमध्ये दर होता ०.८५ डॉलर. म्हणजे गरीब वस्ती जास्त दराने कर भरत होती. त्यातून एजवूडला दर विद्यार्थ्यामागे मिळाले २६ डॉलर आणि अलामो हाइट्सला ३३३. राज्य आणि केंद्राची मदत मिळवल्यावरही एजवूडच्या मुलावर वर्षाला ३५६ डॉलर खर्च होत होता, अलामो हाइट्सच्या मुलावर ५९४.

१९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला आणि रॉड्रिग्ज हरले. शिक्षण महत्त्वाचं आहे हे न्यायालयाने मान्य केलं, पण अमेरिकेच्या राज्यघटनेत शिक्षणाचा मूलभूत हक्क लिहिलेला नाही, असं सांगितलं. विरोधी मत देणाऱ्या चौघांत थरगुड मार्शल होते. त्यांनीच वकील म्हणून १९५४ मधला ब्राउन खटला लढवला आणि जिंकला होता. काळ्या-गोऱ्या मुलांना वेगळ्या शाळांत बसवणारे कायदे ज्या खटल्याने रद्द झाले, तो हा ब्राउन खटला. शाळेच्या दारावरची पाटी निघाली. पण त्या दारापर्यंत नेणारा पत्ता मिळायचा तर त्या भागात घर हवं, आणि घराची वाट वेगळ्याच ठिकाणी अडवलेली होती.

त्यासाठी १९३३ सालात जावं लागतं.

महामंदीच्या आधी अमेरिकेत घर घेणं सामान्य माणसाच्या आवाक्यात नव्हतं. साधारण निम्मी रक्कम आधी भरावी लागे. कर्जाची मुदत तीन ते पाच वर्षं, फार तर दहा. मुदतीत बहुधा व्याजच भरायचं, मुद्दल शेवटी एकरकमी द्यायचं. ते जमलं नाही की बँकेकडे जाऊन कर्ज नवं करून घ्यायचं. १९२९ नंतर बँकाच कोसळल्या आणि कर्ज नवं करून द्यायला कुणी राहिलं नाही. १९३३ मध्ये दिवसाला सुमारे हजार घरांवर जप्ती येत होती.

राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या सरकारने दोन संस्था काढल्या. पहिली १९३३ ची, गृहकर्ज महामंडळासारखी. तिने बुडत्या लोकांची कर्जं स्वतःकडे घेतली आणि लांब मुदतीचे, मुद्दलासकट हप्ते बांधून दिले. अशी दहा लाखांच्या आसपास कर्जं तिने दिली आणि त्यातली बहुतेक घरं वाचली. दुसरी १९३४ ची, फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशन, म्हणजे एफएचए. ही संस्था स्वतः कर्ज देत नव्हती, बँकेने दिलेल्या कर्जाची हमी घेत होती. कर्जदाराने बुडवलं तर सरकार भरून देणार. एवढी हमी मिळाल्यावर बँका निर्धास्त झाल्या. वीस, पुढे तीस वर्षांची मुदत आली, सुरुवातीला भरायची रक्कम दहा-वीस टक्क्यांवर आली, हप्ता बऱ्याच ठिकाणी भाड्यापेक्षा कमी झाला. आज आपल्यालाही ओळखीचं वाटतं ते गृहकर्ज अमेरिकेत असं रुळलं. ज्याला आपण अमेरिकन मध्यमवर्ग म्हणतो, पुढे अंगण, मागे गॅरेज आणि बँकेत थोडी शिल्लक असलेला, तो या हमीवर उभा राहिला.

आता हमी द्यायची म्हणजे घराचं आणि परिसराचं मूल्यमापन आलं. इथेच सगळा घात झाला.

पहिल्या संस्थेने दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे करून घेतले. प्रत्येक वस्तीला चारपैकी एक रंग. हिरवी सर्वोत्तम, मग निळी, मग उतरणीला लागलेली पिवळी आणि शेवटी धोकादायक, लाल. प्रत्येक वस्तीसाठी एक फॉर्म भरलेला असे. घरांचं वय, भाडं, रहिवाशांचा धंदा यांच्यासोबत त्यात परदेशात जन्मलेल्यांचं प्रमाण विचारलेलं असे आणि काळ्या लोकांसाठी वेगळा रकाना असे. कुणाचा 'शिरकाव' होतो आहे का, असाही प्रश्न होता. हाच शब्द, शिरकाव. काळ्या लोकांची वस्ती जवळपास नेहमी लाल रंगात जायची, तिथली घरं धड असली, माणसं कमावती असली तरी. वस्तीभोवती लाल रेघ ओढून कर्ज नाकारण्याला पुढे रेडलायनिंग हे नाव पडलं.

हे नकाशे कितपत वापरले गेले याबद्दल इतिहासकारांत वाद आहे. नकाशे करणाऱ्या संस्थेने स्वतः लाल वस्त्यांतही बरीच मदत दिली होती, तेव्हा नकाशांना वाजवीपेक्षा जास्त दोष दिला जातो, असं काहींचं म्हणणं आहे. मला हा आक्षेप रास्त वाटतो. रंगीत नकाशा दाखवायला सोपा, म्हणून तोच सगळीकडे छापला जातो. खरं नुकसान केलं एफएचएच्या नियमपुस्तिकेने. वस्ती स्थिर राहायची असेल तर तिथली घरं एकाच सामाजिक आणि वांशिक वर्गाकडे राहायला हवीत, असं त्या सरकारी पुस्तिकेत सरळ लिहिलेलं होतं. खरेदीखतात काळ्या माणसाला घर न विकण्याची अट घालावी, अशी शिफारसही होती. गोऱ्या शेजाऱ्याचा पूर्वग्रह आधीपासून होताच. सरकारने त्याला कर्जाच्या नियमाचं रूप दिलं.

डेट्रॉइटमध्ये याचा पुरावा अजून उभा आहे. शहराच्या उत्तर सीमेजवळ एट माइल रस्त्यालगत १९२० च्या दशकापासून काळ्या कुटुंबांची वस्ती होती. १९४१ च्या सुमारास एका बिल्डरला शेजारच्या मोकळ्या जागेत गोऱ्यांसाठी घरं बांधायची होती. काळ्यांची वस्ती फार जवळ आहे म्हणून एफएचएने हमी नाकारली. बिल्डरने दोन्हींच्या मधे काँक्रीटची भिंत घातली. सहा फूट उंच, अर्धा मैल लांब. हमी मिळाली.

या भिंतीबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा मनात एकच शब्द आला, गावकूस. आपल्या भाषेत हा शब्द फार जुना आहे आणि त्याच्या बाहेर कोण राहायचं हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. फरक एवढाच की डेट्रॉइटचं गावकूस विसाव्या शतकात, गृहकर्ज मंजूर व्हावं म्हणून बांधलं गेलं.

दुसऱ्या महायुद्धानंतर सैनिक परतले आणि घरबांधणीला उधाण आलं. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर बटाट्याच्या शेतात विल्यम लेविट यांनी १९४७ पासून सतरा हजारांवर घरं उभी केली. कारखान्यात मोटार जोडावी तशी. लेव्हिटाउन हे नाव उपनगराचं प्रतीक झालं. १९४९ मध्ये तिथलं घर ७,९९० डॉलरला मिळायचं. माजी सैनिकाला सुरुवातीला काही भरावं लागत नसे, महिन्याचा हप्ता ५८ डॉलर. सुरुवातीच्या करारांत एक कलम होतं: गोऱ्या वंशाखेरीज इतर कुणी या घरात राहू शकणार नाही, घरकामाच्या नोकरांचा अपवाद. त्याच युद्धात लढून आलेल्या काळ्या सैनिकाला हे घर बंद. माजी सैनिकांना सरकारी हमीवर कर्ज देणारा कायदा १९४४ मध्ये झाला होता, पण कर्ज शेवटी स्थानिक बँकेच्या टेबलावरच मंजूर व्हायचं. १९४७ मध्ये मिसिसिपी राज्यातल्या तेरा शहरांची एक पाहणी झाली. अशा हमीची ३,२२९ कर्जं दिली गेली होती. त्यातली काळ्या माजी सैनिकांना मिळालेली कर्जं होती दोन.

७,९९० डॉलरची ती घरं आज सहा लाख डॉलरच्या वर जातात. या वाढीत मुलांचं कॉलेज झालं, आजारपणं निभावली, नातवंडांच्या घराची सुरुवातीची रक्कम निघाली. ज्यांना आत येऊ दिलं नाही ते भाडं भरत राहिले.

काहींनी भाड्यापेक्षा वाईट वाट धरली, कारण दुसरी नव्हती. शिकागोच्या नॉर्थ लॉनडेल भागात काळ्या कुटुंबांना बँक कर्ज देत नसे, म्हणून ती कराराने घर घेत. सट्टेबाज गोऱ्या मालकांना 'काळे येताहेत' अशी भीती घालून घरं स्वस्तात विकत घ्यायचे आणि काळ्या कुटुंबांना कितीतरी चढ्या दराने द्यायचे. हप्ते वर्षानुवर्षं भरायचे, दुरुस्तीही स्वतःच करायची, पण शेवटचा हप्ता फिटेपर्यंत घर विकणाऱ्याच्याच नावावर. एक हप्ता चुकला तरी घर गेलं आणि भरलेले सगळे पैसेही गेले. मग तेच घर पुढच्या कुटुंबाला. हप्ता चुकू नये म्हणून नवरा-बायको दोघंही दोन-दोन नोकऱ्या करायचे, मुलं घरात एकटी. वस्ती का खालावते याचं उत्तर बाहेरच्यांना त्या लोकांच्या स्वभावात दिसायचं. करारपत्र कुणी वाचत नव्हतं. १९६८ मध्ये याच कुटुंबांनी एकत्र येऊन संघटना काढली आणि हप्ते भरणं बंद करून लढा दिला. बऱ्याच जणांचे करार त्यांनी बदलून घेतले.

मार्टिन ल्यूथर किंग १९६६ च्या जानेवारीत याच नॉर्थ लॉनडेलमध्ये एका मोडक्या भाड्याच्या घरात राहायला गेले होते. दक्षिणेतली बस आणि हॉटेलं जिंकून झाली होती, आता उत्तरेतल्या घरांचा प्रश्न घ्यायचा होता. त्या ऑगस्टमध्ये शिकागोतल्याच मार्क्वेट पार्क भागातल्या मोर्चात त्यांच्या डोक्याला दगड लागला. एवढा द्वेष आपण मिसिसिपी-अलाबामातही पाहिला नव्हता, असं ते नंतर म्हणाले. घरविक्रीत वंशभेद करायला बंदी घालणारं विधेयक काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, अडकलेलं होतं. बसमध्ये शेजारी बसू देणं निराळं, शेजारी घर घेऊ देणं निराळं. ४ एप्रिल १९६८ ला किंग यांची हत्या झाली, शंभरावर शहरांत आगी लागल्या आणि ११ एप्रिलला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी त्या विधेयकावर, म्हणजे फेअर हाउसिंग ॲक्टवर, सही केली. सात दिवस.

कायदा झाला, तरी नकाशा बराचसा तसाच राहिला. कारण सोपं आहे. १९३४ ते १९६८ ही घर घ्यायची सुवर्णवर्षं होती आणि ती निघून गेली होती. दार उघडलं तोवर आतल्या घरांच्या किमती कितीतरी चढल्या होत्या आणि बाहेर राहिलेल्यांच्या हातात विकायला जुनं घर नव्हतं. त्यात आणखी दोन गोष्टी घडल्या.

पहिली न्यायालयात. डेट्रॉइटच्या शाळांत काळी मुलं बहुसंख्य झाली होती, गोरी कुटुंबं उपनगरांत गेली होती. शहर आणि आसपासचे ५३ उपनगरी डिस्ट्रिक्ट मिळून मुलांची सरमिसळ करावी, असा आदेश खालच्या न्यायालयाने दिला. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा पाच विरुद्ध चार मतांनी तो रद्द केला. उपनगरांनी स्वतः भेदभाव केल्याचं सिद्ध झालेलं नाही, तेव्हा हद्द ओलांडायची नाही. मार्शल पुन्हा विरोधात होते. आधीच्या वर्षी रॉड्रिग्ज निकालाने पैसा हद्दीत बांधला होता, या निकालाने मुलंही बांधली. माझ्या मते अमेरिकेच्या शाळांच्या इतिहासात १९५४ एवढंच वजन १९७४ ला द्यायला हवं, पण ते साल फारसं कुणाला आठवत नाही.

दुसरी गोष्ट नगरपालिकांच्या कचेरीत घडली, तीही अगदी सभ्यपणे. झोनिंग म्हणजे कुठल्या जमिनीवर काय बांधायचं याचे नियम. इथे फक्त एका कुटुंबाचं स्वतंत्र घर, प्लॉट किमान अमुक एवढा, अपार्टमेंटला परवानगी नाही, असा नियम केला की वंशाचा उल्लेखही करावा लागत नाही. ज्याला एक एकराचा प्लॉट परवडत नाही तो आपोआप बाहेर. आणि कुणाला परवडत नाही, हे आधीच्या पस्तीस वर्षांनी ठरवून ठेवलेलं होतंच.

फेडरल रिझर्व्ह या अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या २०२२ च्या पाहणीत, संपत्तीच्या क्रमाने लावल्यास अगदी मधोमध येणाऱ्या गोऱ्या कुटुंबाची संपत्ती २,८५,००० डॉलर होती, काळ्या कुटुंबाची ४४,९०० डॉलर. स्वतःचं घर असण्याचं प्रमाण गोऱ्यांत सत्तर टक्क्यांच्या वर, काळ्यांत पंचेचाळीसच्या आसपास. उन्हाळ्याच्या तापमानावरही ही रेघ उमटलेली आहे. १०८ शहरी भागांच्या अभ्यासात एकेकाळच्या लाल वस्त्या बाकीच्यांपेक्षा सरासरी २.६ अंश सेल्सिअस जास्त गरम निघाल्या. झाडं कमी, डांबर जास्त.

आता आपल्या लोकांबद्दल. १९६५ च्या आधी भारतातून वर्षाला शंभर माणसांनाच अमेरिकेत स्थायिक व्हायला परवानगी होती. ही मर्यादा उठवणाऱ्या कायद्यावर १९६५ च्या ऑक्टोबरमध्ये जॉन्सन यांचीच सही झाली, नागरी हक्क चळवळ ऐन भरात असताना. मग आपले डॉक्टर, इंजिनिअर गेले. त्यानंतर तीन वर्षांतच फेअर हाउसिंग ॲक्ट आला. म्हणजे ज्या पिढीने न्यू जर्सी, शिकागोच्या उपनगरांत पहिली मराठी घरं घेतली, गणपती बसवले, मंडळं काढली, तिच्यासाठी विमानाचं दार आणि घराचं दार ही दोन्ही काळ्या अमेरिकनांनी मार खाऊन उघडलेली होती. जुन्या खरेदीखतांतल्या अटींत बऱ्याच ठिकाणी आशियाई लोकांचंही नाव असायचं, हे आपल्याला माहीत नसतं. आपण पोचलो आणि दार उघडंच दिसलं, म्हणून ते कायम उघडंच होतं असं वाटतं.

भावाला मी हे सांगितलं तेव्हा तो काही वेळ गप्प झाला. मग म्हणाला, "पण एजंटने कधी लोकांविषयी एक शब्द काढला नाही. फक्त शाळांचे आकडे बघा म्हणाला." एजंटला कायद्याने वस्तीतल्या लोकांच्या वंशाविषयी बोलून गिऱ्हाइकाला वळवता येत नाही. शाळेविषयी बोलता येतं. 'न्यूजडे' या लाँग आयलंडच्या दैनिकाने तीन वर्षं छुप्या कॅमेऱ्यांनी एजंटांची तपासणी करून २०१९ मध्ये वृत्तमाला छापली. सारखीच ऐपत सांगणारी दोन गिऱ्हाइकं पाठवायची, एक गोरं, एक दुसऱ्या वंशाचं. काळ्या गिऱ्हाइकांना ४९ टक्के वेळा वेगळी वागणूक मिळाली, लॅटिनोंना, म्हणजे लॅटिन अमेरिकन वंशाच्या लोकांना, ३९, आशियाईंना १९ टक्के.

त्या एक-ते-दहा आकड्यातही मोठा भाग मुलांच्या चाचणीतल्या गुणांचा असतो आणि गुणांचा घरच्या उत्पन्नाशी घट्ट संबंध असतो. आकडा वाचताना आपण शिक्षक किती चांगले आहेत हे वाचतो आहोत असं वाटतं. बऱ्याच अंशी आपण पालकांचा पगार वाचत असतो. तरीही मुलासाठी आठ-नऊची शाळा शोधणाऱ्या बापाला मी दोष देणार नाही. मीही तेच केलं असतं.

आणि न्यू जर्सी हे या सगळ्यावर उपाय शोधणारं राज्यही आहे, म्हणून भावाचं तिथे जाणं मला आवडलं. तिथल्या राज्य न्यायालयाने १९८५ पासून अनेक निकाल देऊन गरीब शहरांतल्या शाळांना श्रीमंत उपनगरांएवढा पैसा द्यायला राज्याला भाग पाडलं. टेक्सासमध्येही एजवूडच्या लोकांनी हार मानली नाही. राज्याच्या घटनेचा आधार घेऊन ते पुन्हा लढले आणि १९८९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात एकमताने जिंकले. आज बऱ्याच राज्यांत गरीब डिस्ट्रिक्टना सरकारी मदत जास्त मिळते आणि पैशाची दरी पूर्वीइतकी उघडी राहिलेली नाही. हद्दी मात्र आहेत तिथेच आहेत.

त्या हद्दीलाच हात घालणारी गोष्ट न्यू जर्सीतल्याच माउंट लॉरेल गावची. एथेल लॉरेन्स नावाची काळी बाई तिथे राहायची, बालवाडीत शिकवायची. तिच्या घराण्याच्या कितीतरी पिढ्या त्याच गावात गेल्या होत्या. फिलाडेल्फियाचं उपनगर म्हणून गाव वाढू लागलं, जमिनी महागल्या आणि जुन्या गरीब कुटुंबांना राहणं अशक्य झालं. त्यांनी छोटी ३६ अपार्टमेंट बांधायची परवानगी मागितली. १९७० मध्ये गावातल्या काळ्या लोकांच्या चर्चमध्ये सभा झाली. महापौरांनी सांगितलं, परवडत नसेल तर गाव सोडा.

एथेल लॉरेन्स न्यायालयात गेली. १९७५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की वाढत्या प्रत्येक गावाने कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या लोकांसाठी आपल्या वाट्याची घरं होऊ द्यायलाच हवीत, झोनिंगच्या आडून त्यांना बाहेर ठेवता येणार नाही. गावांनी चालढकल केली. १९८३ मध्ये न्यायालयाने तोच निकाल आणखी कडक करून दिला. आजही न्यू जर्सीतल्या गावांना अशा घरांचा आकडा ठरवून मिळतो आणि दर वेळी त्यावरून सभा तापतात, पाट्या लागतात, वकील लावले जातात.

खुद्द माउंट लॉरेलमध्ये ती घरं उभी राहायला २००० साल उजाडलं. त्यांना एथेल लॉरेन्सचं नाव दिलं आहे. ती १९९४ मध्येच वारली होती. घरं झाली तर गुन्हे वाढतील, आपल्या घरांच्या किमती पडतील, कर वाढेल, असं शेजारी तीस वर्षं सांगत होते. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या समाजशास्त्रज्ञांनी दहा वर्षांनी जाऊन तपासलं. गुन्हे वाढले नव्हते, किमती पडल्या नव्हत्या, करही वाढला नव्हता. आसपासच्या बऱ्याच रहिवाशांना तर शेजारी अशी घरं आहेत हेच माहीत नव्हतं. आत राहायला आलेल्या मुलांना मात्र अभ्यासाला शांत जागा मिळाली होती, आणि ती गावातल्या चांगल्या शाळेत जात होती.